जसं लिवलंय तसं

संयोगिता बर्गे माझी विद्यार्थिनी, हे मी हल्ली चारचौघांत सांगते. पूर्वी सांगत नसे. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत मी गाणं शिकवायचे, तेव्हा ही पोर कोरेगावाहून एसटीनं यायची आणि माझ्या तासाला खिडकीजवळ बसून माझं डोकं फिरवायची. भूप शिकवायला घेतला की त्यात मध्यम लावायची. भूपात मध्यम नसतो हे मी तिला पेटीच्या पट्टीवर बोट ठेवून दाखवलं होतं, तरी लावायचीच. हा मध्यम आला कुठून, असं विचारलं तर म्हणाली, "बाई, वाटेत भेटला." मी तिला वर्गाबाहेर काढलं. बाहेर व्हरांड्यात उभी राहून ती तोच भूप मध्यमासकट गुणगुणत राहिली. मला जास्त राग याचा आला, की तो बरा लागत होता.

हा सगळा गुण तिला वडिलांकडून आला असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. सुभेदार धैर्यशील बर्गे म्हणजे सरळ रेघ. त्यांनी उभी नोकरी मिलिटरीच्या बँडमध्ये केली. क्लॅरिनेट वाजवायचे. समोर कागद, कागदावर सुरांची खूण, आणि बँडमास्तरची छडी खाली आली की फुंकायचं. कागदात आहे ते वाजवायचं, कागदात नाही ते वाजवायचं नाही, आणि मनाचं वाजवलं तर त्याला गाणं म्हणत नाहीत, चूक म्हणतात, अशी त्यांची ठाम समजूत. रिटायर होऊन आल्यावर ते कोरेगावच्या नाथाजीच्या लग्नाच्या बँडमध्ये हौसेनं वाजवू लागले आणि महिनाभरात त्यांनी त्या बँडचा कवायत-संघ करून टाकला. माणसं पाय जुळवून चालू लागली. नवरदेवाचे मित्र नाचता नाचता "परत तेच वाजवा" म्हणून अंगावर आले, तर सुभेदार म्हणायचे की ते झालं, आता पुढचं. मित्र रुसायचे, पण वरात वेळेवर मांडवात पोचायची. मुहूर्त गाठणारा बँड म्हणून नाथाजीचं नाव तालुक्यात झालं. नवरीच्या आया तारीख ठरवायच्या आधी त्याला फोन करू लागल्या.

तर अशा माणसाची मुलगी जॅझ गाते. जॅझ म्हणजे काय हे मला तिनंच समजावलं. एक धून घ्यायची, ती एकदा सरळ म्हणायची आणि मग तिचं बोट सोडून द्यायचं. दर वेळी वाट निराळी. मी म्हटलं, म्हणजे तुझा भूपच की. ती म्हणाली, "व्हय बाई, पण त्याचे पैशे देतात."

तिला हे वेड लागलं ते एका कॅसेटमुळे. सुभेदार सुट्टीवर येताना कँटीनमधून टेपरेकॉर्डर घेऊन आले होते आणि त्याच्याबरोबर मेसमध्ये कुणीतरी टाकून दिलेली एक कॅसेट. तिच्यावरचं नाव पुसलेलं. कुणी परदेशातली बाई गात होती. सुभेदारांना ती कॅसेट मागं वाजणाऱ्या क्लॅरिनेटसाठी हवी होती, पोरीनं ती बाईसाठी ऐकली. इंग्रजीचा एक शब्द कळत नसताना तिनं ती कॅसेट फीत तुटेपर्यंत ऐकली, आणि फीत तुटल्यावर स्वतः म्हणायला लागली.

पुढे ती पुण्यात कॉलेजला गेली. तिथे एक स्पर्धा होती, आणि नुकतेच रिटायर झालेले सुभेदार मोठ्या कौतुकानं कोट घालून ऐकायला गेले. गाण्याची सुरावट त्यांनीच सुवाच्य अक्षरात लिहून दिली होती. पहिलं कडवं तिनं तसंच म्हटलं. दुसऱ्या कडव्याला पोरगी सुटली. सुभेदार उठले, परीक्षकांच्या टेबलाशी गेले आणि त्यांना सांगितलं की हिला नंबर देऊ नका, ही चुकलेली आहे. मग ते तसेच स्टँडवर गेले आणि कोरेगावची गाडी पकडली. नंबर अर्थातच गेला. त्याचं तिला काही वाटलं नाही. वाटलं ते याचं, की त्यानंतर कित्येक वर्षं वडील, तिचे आप्पा, तिचं गाणं ऐकायला एकदाही आले नाहीत. भांडण नव्हतं. फोन करायचे, घरचं आलं वाळवून पाठवायचे, तब्येतीची चौकशी करायचे. गाण्याबद्दल मात्र एक अक्षर नाही.

मधल्या काळात तिनं खूप जग पाहिलं. काही वर्षं ती प्रवासी जहाजावर गात होती. तिची आई अंबूबाई सरळ बाई, पण गावाला काय सांगायचं हा प्रश्न होता. पोरगी जहाजावर आहे एवढं खरं होतं, तेवढंच तिनं सांगितलं. बाकीचं गावानं ठरवलं. बाप मिलिटरीत, पोरगी नेव्हीत, म्हणून ग्रामपंचायतीनं पंधरा ऑगस्टला अंबूबाईंचा सत्कार केला. कोरोनात जहाजं बंद पडली आणि संयोगिता महाबळेश्वरच्या एका हॉटेलात शनिवार-रविवारी गाऊ लागली. स्ट्रॉबेरी क्रीम खात बसलेल्या नवविवाहित जोडप्यांसमोर. गावातल्या एका टॅक्सीवाल्यानं तिला तिथं पाहिलं आणि येऊन विचारलं, की नेव्ही महाबळेश्वरला कशी काय. अंबूबाई म्हणाल्या, "ट्रेनिंगला हाय. लय पाऊस असतो ना तिथं." गावाला ते पटलं.

मी निवृत्तीनंतर मुलाकडे सांगलीला आले आणि इथल्या रसिक मंडळात कामाला लागले. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, त्यामुळे इथे भाजी घ्यायला आलेल्या माणसालाही वाटतं की गाण्यातलं आपल्याला कळतं. बऱ्याच जणांना कळतंही, हा खरा त्रास. आमच्या मंडळाचे अध्यक्ष अनंतराव हे असे कळणारे. गाणं चालू असताना ते समेवर इतकी जोरात मान टाकतात की मागच्यांना बघायला तेवढीच फट मिळते. यंदा वार्षिक कार्यक्रमात काहीतरी वेगळं करू, असं तेच बोलून गेले आणि मी लगेच संयोगिताचं नाव पुढं केलं. जॅझ म्हणजे काय विचारल्यावर मी म्हटलं, विलायतेतली ठुमरी. एकमतानं मंजूर झालं.

संयोगिताला फोन केला. मला वाटलं आनंदानं उडी मारेल. तर हळूच म्हणाली, "बाई, सगळ्या सांगलीनं नावं ठिवली तरी चालंल. तेवढं आप्पांनी एकदा शेवटपर्यंत बसून ऐकावं. बास."

म्हणून मी स्वतः कोरेगावला गेले. सुभेदार परड्यात खुर्ची टाकून क्लॅरिनेट पुसत बसले होते. मला पाहून उभे राहिले, खुर्ची दिली, अंबूबाईंना चहा टाकायला सांगितला. मी विषय काढला. नळी पुसता पुसता त्यांनी एकच विचारलं, लिवल्यालं म्हणणार का मनाचं? मी म्हटलं, ते तिला विचारून सांगते. तिथूनच फोन लावला. संयोगिता म्हणाली, आप्पांना सांगा, त्यांचीच धून म्हणीन, आणि जशी लिवलीय तशी म्हणीन. एक सूर इकडचा तिकडं करणार न्हाई. सुभेदारांनी मान हलवली. ते येतो म्हणाले, पण त्या एका गाण्यापुरतं.

ती धून कोणती हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या शेवटी बँड एक संथ चाल वाजवायचा. सुभेदार सुट्टीवर आले की संध्याकाळी उसाच्या बांधावर बसून तीच वाजवायचे. लहान संयोगिता शेजारी मातीत खेळत असायची. पुढे तिनं त्या चालीवर मराठी शब्द बसवले: रजा संपली की मिलिटरीची काळी पेटी दारात येऊन उभी राहते आणि घरातली पोरगी त्या पेटीला म्हणते, अजून एक दिवस थांब. मला तिनं फोनवर म्हणून दाखवलं तेव्हा गॅसवरचं दूध उतू गेलं आणि मला कळलंही नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सुभेदार दुपारीच आले. निळा कोट, छातीवर पदकं, बूट चकचकीत. अंबूबाई माझ्याकडे घरीच थांबल्या, त्यांना गर्दीत घाम फुटतो. सुभेदारांना मी पहिल्या रांगेत अनंतरावांच्या शेजारी बसवलं आणि त्यांच्या दुसऱ्या बाजूला मी बसले, म्हणजे उठलेच तर कोट धरता यावा.

अनंतरावांनी प्रास्ताविक केलं. जॅझचा उगम, विकास आणि नाट्यसंगीताशी त्याचं नातं यावर ते बरंच बोलले. यातलं त्यांना काहीही माहीत नव्हतं, पण भाषा इतकी सुरेख होती की टाळ्या पडल्या. मग संयोगिता आली. इरकल लुगड्यात, मोठ्या नथीसकट. पियानोवर सौमित्र, ड्रमवर वरद, दोघं पुण्याचे. पहिली दोन-तीन गाणी इंग्रजी झाली. सभागृह अत्यंत सभ्यपणे गोंधळलेलं होतं. लोक मांडीवर मात्रा मोजत होते, आणि मोजणी जुळत नसल्यामुळे शेजाऱ्याची मांडी बघत होते. अनंतरावांना सम सापडेना. त्यांनी अंदाजानं एक-दोनदा मान टाकली, ती भलतीकडेच पडली. सुभेदार गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले होते.

मग तिनं काळ्या पेटीचं गाणं घेतलं. वडिलांकडे एकदा बघितलं आणि सुरू केलं. सरळ, साधं. एकही हरकत नाही. मी जीव मुठीत धरून सुभेदारांकडे बघत होते. पहिल्या ओळीला त्यांची बोटं गुडघ्यावर हलायला लागली, क्लॅरिनेटच्या भोकांवर हलतात तशी. दुसऱ्या ओळीला बोटं एकदम थांबली. त्यांचा चेहरा उतरला. म्हटलं, चुकली वाटतं पोरगी. मला तर काही चुकलेलं कळलं नव्हतं. गाणं संपलं, आणि सगळं सभागृह एका आवाजात ओरडलं, "वन्स मोअर!"

आता इथे सांगलीचा कायदा सांगायला हवा. गाणं आवडलं की वन्स मोअर. गाणाऱ्यानं मान लववायची आणि तेच पुन्हा म्हणायचं. तेच म्हणजे तेच. पहिल्या खेपेला घेतलेली तान दुसऱ्या खेपेला गाळली तर मध्यंतरात चहाबरोबर तिचा शोक होतो. आमच्याकडे हे इतकं अंगात मुरलेलं आहे की जॅझवालीला वन्स मोअर देऊ नये, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही.

संयोगितानं वडिलांकडे पाहिलं, सभागृहाकडे पाहिलं. वर्षानुवर्षं धून एकदा सरळ म्हणून मग सोडून द्यायची सवय. सौमित्रनं पियानोवर सुरुवात केली आणि पोरगी दुसऱ्या ओळीला सुटली. काळी पेटी दारातून पुन्हा घरात आली, माजघरात जाऊन बसली, चुलीपाशी रेंगाळली. सुंदर होतं. अर्धं सभागृह खुर्चीच्या कडेवर आलं. उरलेलं अर्धं एकमेकांना विचारू लागलं की हे ते गाणं नाही का. संपल्यावर पुन्हा वन्स मोअर झाला, आणि तिसऱ्या खेपेला पेटी थेट कोयनेच्या घाटात गेली.

मग गडबड झाली. सांगलीच्या मानानं ती दंगलच होती, म्हणजे माणसं बसल्या जागी उभी राहिली. बाल्कनीतून कुणी म्हणालं, पहिलं म्हणा. उजवीकडून आवाज आला, दुसरं म्हणा. धोंडुबाई म्हणून आमच्या एक ज्येष्ठ सभासद आहेत, त्यांना तिसरंच हवं होतं. अनंतराव उठले आणि हात वर करून त्यांनी नियम समजावून सांगितला, की वन्स मोअर म्हणजे मूळ कृतीचे पुनःश्रवण, तेव्हा कलावतीनं मूळ कृतीच द्यावी. आणि त्याच वेळी त्यांच्या शेजारून सुभेदार उभे राहिले.

मी कोट धरला. तो माझ्या हातातून सुटला. स्टेजवर संयोगिताचा चेहरा पांढरा पडला. पुण्याच्या त्या दिवशी ती अशीच उभी असणार. तिनं माइक दोन्ही हातांनी धरला आणि सगळ्या सांगलीसमोर म्हणाली, "आप्पा, जाऊ नका. म्हणते. जसं लिवलंय तसंच म्हणते."

"बसा समदी," सुभेदार म्हणाले. परेड ग्राउंडचा आवाज होता तो, त्याला माइक लागत नाही. सगळे बसले. अनंतराव सर्वांच्या आधी बसले.

सुभेदार स्टेजच्या काठापाशी गेले. "पयल्यांदा म्हणलीस, ते तुला कुणी शिकवलं?"

"तुमीच की, आप्पा. लिवलंय तसंच म्हणलं मी. एक सूर हलवला न्हाई."

"तसं लिवल्यालं न्हाई."

संयोगिताला काही कळेना. मलाही.

"कागदावर दुसऱ्या ओळीला सूर सरळ खाली येतोय," सुभेदार म्हणाले. "तू त्येला वर नेलास, थांबवलास आन मग सावकाश खाली आणलास. ते कागदात कुठं न्हाई."

"पण तुमी तसंच वाजवायचा," ती म्हणाली. "बांधावर बसून. रोज. मी दुसरं कवा ऐकलंच न्हाई."

पाठमोरा ताठ माणूस, पण कोटाचे खांदे खाली आलेले मला दिसले. मग ते बोलले, पण आता आवाज परेडचा नव्हता. "व्हय. वाजवायचो. बांधावर कोण बँडमास्तर हुता बघायला? उभी नोकरी दुसऱ्यानं लिवल्यालं वाजवलं. तेवढं एक माझं हुतं. कुणी ऐकलं न्हाई असं वाटायचं." त्यांनी खिशातून रुमाल काढला, बघितला आणि परत खिशात घातला. "आता लिवल्यालं म्हणू नगंस. माझंबी म्हणू नगंस. तुझं म्हण. मी बसतोय."

आणि ते येऊन माझ्या शेजारी बसले. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. सगळं सभागृहच नाकं पुसत होतं. सौमित्रला सुरुवात करायची आठवण राहिली नाही, म्हणून संयोगितानं पियानोशिवायच उचललं. त्या खेपेला पेटी कुठे कुठे गेली ते मी सांगू शकत नाही, कारण मी तिच्याकडे बघत नव्हते. मी त्यांच्या गुडघ्यावरची बोटं बघत होते. पोरगी पुढे जाईल तिकडे ती बोटं चाचपडत, अडखळत मागे चालली होती, आणि शेवटाला तिच्या बरोबरीनं पोचली. सुभेदार एका गाण्यापुरते आले होते, ते शेवटपर्यंत बसले. मध्यंतरात त्यांनी वरदला बोलावून घेतलं आणि ड्रमची कातडी सैल आहे म्हणून झापलं. वरदनं ती ताणली, आणि उत्तरार्धात खरोखर फरक पडला.

आमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत वन्स मोअरवर दीड तास चर्चा झाली. अनंतरावांनी ठराव मांडला की जॅझला वन्स मोअर देता येईल, परंतु तेच परत मिळेल याची मंडळ हमी देणार नाही. धोंडुबाईंनी विरोधात मत दिलं. त्यांना अजून तिसरंच हवं आहे.

मला वाटलं, झालं एवढ्यावर. पण लग्नसराई लागली आणि एका दुपारी कोरेगावहून नाथाजी बँडवाल्याचा फोन आला. आवाज रडवेला. म्हणाला, बाई, तुमी सुभेदारास्नी काय करून पाठवलंय? मी विचारलं, काय झालं. तर काल वरात मारुतीच्या देवळापाशी आली आणि सुभेदारांनी वाजवता वाजवता डोळे मिटले. जे काही सुरू झालं ते कागदात नव्हतं. ताशेवाल्यानं थोडा वेळ पाठलाग केला आणि नाद सोडला. बँड थांबला, घोडा थांबला, नवरदेव वरनं वाकून बघायला लागला. मुहूर्त गाठणाऱ्या बँडचा त्या दिवशी मुहूर्त टळला. नाथाजीनं विचारलं की सुभेदार, हे कुठं लिवलंय, तर म्हणे पोरीकडनं आणलंय.

मी म्हटलं, मग आता वऱ्हाड तुमच्यावर चिडलं असेल. नाथाजी म्हणाला की चिडलं असतं तर बरं झालं असतं. नवऱ्याचा बाप पुढं आला, त्यानं सुभेदारांच्या गळ्यात हार घातला आणि म्हणाला, हेच परत वाजवा.

"मग?" मी विचारलं. "झालं ते, आता पुढचं, असं म्हणाले का?"

"न्हाई वो बाई, वाजवलं की परत," नाथाजी म्हणाला. "पर ते निराळंच."